जर्मनीतलं भाड्याचं घर: हीटिंगचं जादा बिल दर वर्षी येतंय? आधी हे तपासा

दर वर्षी उन्हाळा ते डिसेंबर या काळात कधीतरी घरमालकाकडून किंवा हाउसफरवाल्टुंगकडून, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीकडून, जाडसर पाकीट येतं. नेबेनकॉस्टेनचा, म्हणजे भाड्याशिवायच्या हीटिंग, देखभाल वगैरे खर्चांचा, वार्षिक हिशोब. चार-पाच पानं भरून आकडे आणि शेवटी ठळक अक्षरात नाखत्सालुंग, म्हणजे दर महिन्याला आगाऊ भरलेले पैसे पुरले नाहीत, उरलेले आता भरा. दोनशे, पाचशे, कुणाकुणाला हजाराच्या वर युरो. मग कुणी कुठला नॉब किती फिरवला होता याची घरात चौकशी सुरू होते आणि पुढचा हिवाळा सगळे स्वेटरवर स्वेटर चढवून काढतात. तरी पुढच्या वर्षीचं पाकीट तेवढंच जाड.

कुडकुडत बसल्याने हे सुटत नाही, कारण जादा बिलामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. नॉब चुकीचा वापरला जातोय, रेडिएटर किंवा त्याचा व्हॉल्व्ह बिघडलाय, किंवा कागदावरचा हिशोबच चुकलाय. तिन्हींची लक्षणं वेगळी आणि खर्च कुणाच्या माथी पडायचा हेही वेगळं. आपली मंडळी पहिल्यावरून घरात भांडतात, दुसरं सोसतात आणि तिसरं उघडून बघतच नाहीत. माझ्या मते पैसे सगळ्यात जास्त अडकतात ते तिसऱ्यात. पण नॉब हाताशी आहे, तेव्हा सुरुवात तिथून.

हे सगळं प्रामुख्याने अशा इमारतींसाठी आहे जिथे खाली तळघरात एक सामाईक बॉयलर असतो (किंवा शहराच्या हीटिंग प्लांटमधून गरम पाणी येतं), प्रत्येक खोलीत रेडिएटर असतो आणि त्या रेडिएटरवर वापर मोजणारी छोटी पांढरी डबी चिकटवलेली असते. घरातच स्वतंत्र गॅस बॉयलर असेल तर त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

नॉबवरचे आकडे म्हणजे काय

आपण सगळे पंख्याच्या रेग्युलेटरवर वाढलेलो. पाचवर टाकला की जोरात, एकवर हळू. रेडिएटरचा नॉबही तसाच दिसतो, म्हणून हात तसाच फिरतो. पण इथले आकडे वेगाचे नाहीत, खोलीच्या तापमानाचे आहेत. १ म्हणजे साधारण १२ अंश, २ म्हणजे १६, ३ म्हणजे २०, ४ म्हणजे २४ आणि ५ म्हणजे २८. दोन आकड्यांच्या मधल्या बारीक रेघा साधारण एकेक अंशाच्या. बर्फाच्या चांदणीची खूण म्हणजे ६ अंशांच्या आसपास, पाइप गोठू नयेत एवढ्यापुरती.

नॉबच्या आत मेणाची किंवा द्रवाची एक कुपी असते. खोली तापली की ती फुगते, एका पिनला आत ढकलते आणि गरम पाण्याची वाट बंद करते. खोली गार झाली की आकसते, पिन बाहेर येते, पाणी परत सुरू. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. आता समजा खोली १६ अंशांवर आहे आणि नॉब ३ वर. व्हॉल्व्ह तेव्हाच जवळजवळ पूर्ण उघडा असतो. तो ५ वर नेला म्हणून पाणी जास्त येत नाही, खोली लवकर तापत नाही. फरक एवढाच की २० अंशांना थांबायचं ते आता २८ पर्यंत थांबणार नाही.

डिसेंबरात आईवडील किंवा सासूसासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर आले की हा संवाद घरोघरी होतो.

“अगं, बोटं वाकडी व्हायची वेळ आली, पाचवर करते मी.”

“अहो आई, पाचवर केलं तरी आत्ता लगेच तापणार नाही. तीनच्या पुढे दोन रेघा ठेवा, अर्ध्या तासात होईल.”

अर्ध्या तासात खोली तापते, कुणाचं लक्ष नसतं, नॉब पाचवरच राहतो, तासाभराने सगळ्यांना गरम व्हायला लागतं आणि मग कुणीतरी नॉबला हात न लावता खिडकी उघडतं. पैसे नेमके इथे जातात. वयस्कर माणसांना २२ अंश लागत असतील तर खुशाल ठेवा, त्यात उधळपट्टी काही नाही. खोलीचं तापमान एका अंशाने बदललं की हीटिंगचा खर्च साधारण सहा टक्क्यांनी बदलतो, असा जर्मनीतला रूढ अंदाज आहे. म्हणजे २० चं २२ केलं तर दहा-बारा टक्के. ही रक्कम सोसवते. २८ च्या दिशेने धावणारा रेडिएटर आणि वर उघडी खिडकी हे मात्र कुणालाच परवडत नाही.

दहा-बारा युरोंचा एक डिजिटल तापमापक, आर्द्रताही दाखवणारा, बैठकीच्या खोलीत ठेवा. “मला गार वाटतंय” विरुद्ध “मला उकडतंय” हा वाद आकड्यावर आला की निम्मा मिटतो.

स्वयंपाकघराची खिडकी

हा खास आपल्या घरांचा मुद्दा, आणि जर्मन सल्ल्यांमध्ये तो आपल्याला लागू पडेल असा सापडत नाही. फोडणी दिली, मासे तळले, की वास जावा म्हणून खिडकी किप करायची, म्हणजे वरून तिरकी उघडायची, आणि ती दिवसभर तशीच ठेवायची. रेडिएटर बहुतेक घरांत खिडकीच्या बरोबर खाली असतो. बाहेरची शून्य-दोन अंशांची हवा जड असते, ती सरळ खाली उतरते आणि थर्मोस्टॅटच्या डोक्यावर बसते. थर्मोस्टॅटला वाटतं खोली गोठायला आली. तो व्हॉल्व्ह सताड उघडतो. खोलीत प्रत्यक्षात १९ अंश असतील, पण त्याच्यापुरते पाच. रेडिएटर दिवसभर धगधगतो आणि ती ऊब वरच्या फटीतून बाहेर जाते. कडाक्याच्या थंडीत नॉब चांदणीवर असला तरीसुद्धा हे होऊ शकतं, कारण सहा अंशांखाली गेलं की चांदणीवरही तो उघडणारच.

उपाय जर्मन लोक करतात तोच: श्टोसल्युफ्टन. नॉब चांदणीवर, खिडकी सताड उघडी, शक्य तर समोरच्या खोलीचीही, हिवाळ्यात पाचेक मिनिटं. मग खिडकी घट्ट बंद, नॉब परत जागेवर. दिवसातून दोन-चारदा. हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. किप केलेल्या खिडकीतून हवा धड बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते. मग तिथेच काळी बुरशी धरते. वास उरतो ही तक्रार खरी आहे. त्यावर मार्ग म्हणजे तळणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावून घेणं आणि तळण संपल्याबरोबर खिडकी उघडणं, तासाभराने नव्हे.

कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, खोलीत वाळत घातलेले कपडे, या सगळ्याची वाफ भिंतीत मुरते. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या मधे हवी. पैसे वाचवायला म्हणून खोली १५ अंशांवर ठेवली आणि आत कपडे वाळवले, तर वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट बुरशीच्या भांडणात जातात. घरमालक सगळ्यात आधी “तुम्ही नीट ल्युफ्टन करत नाही”, म्हणजे खिडक्या उघडून हवा बदलत नाही, हेच म्हणणार. म्हणून हवा खेळती ठेवण्यात आळस नको आणि झोपायच्या खोलीतही १६-१७ च्या खाली जाऊ नका.

नॉबसमोर जाड पडदा, सोफ्याची पाठ किंवा वाळत टाकलेला टॉवेल असेल तर उलटं होतं. पडद्यामागे ऊब कोंडते, थर्मोस्टॅट खूश होऊन व्हॉल्व्ह बंद करतो आणि खोली गारच राहते. घर लावताना सोफा खिडकीखाली सरकवायचा मोह आवरा.

ऑफिसला जाताना नॉब पूर्ण बंद करायचा की नाही? नाही. २ वर आणा, आल्यावर परत ३ वर. गारठलेल्या भिंती तापवण्यात वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात माणूस पाचवर जातो. भारतात महिनाभरासाठी जाणार असाल तर १ च्या थोडं पुढे ठेवा. घर भाड्याचं असलं तरी पाइप गोठून फुटले तर काळजी घेतली नाही म्हणून प्रश्न तुम्हालाच विचारले जातील.

जमिनीखालून हीटिंग असेल तर यातलं काहीच करू नका. ते तापायला आणि निवायला कित्येक तास घेतं. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर एक आकडा ठरवा आणि विसरा.

रेडिएटर बिघडलाय हे कसं ओळखायचं

आधी जो बिघाड नाही तो सांगतो, कारण यासाठी हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, उगाच फोन जातात. रेडिएटर वर गरम आणि खाली कोमट किंवा गार असेल आणि खोली ठरलेल्या तापमानाला पोचली असेल, तर सगळं ठीक आहे. थर्मोस्टॅटने पाणी आवळलंय, एवढाच त्याचा अर्थ. रात्री अकरा ते पहाटे सहाच्या दरम्यान सगळेच रेडिएटर कोमट पडतात, तेही बॉयलरच्या रात्रीच्या वेळापत्रकामुळे.

वरचा भाग गार, खाली गरम आणि आत गुळगुळ आवाज, म्हणजे हवा अडकली आहे. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात छोटा चौकोनी व्हॉल्व्ह असतो. त्याची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीन युरोला मिळते. नॉब पूर्ण उघडा, दहा मिनिटं थांबा, खाली कप आणि फडकं धरा, किल्ली हळूच अर्धा आटा फिरवा. फुसफुस करत हवा निघते. पाण्याची धार लागली की लगेच बंद. पाणी काळपट असतं, भिंतीवर उडालं तर डाग पडतो. एक-दोन रेडिएटरपुरतं हे स्वतः करायला हरकत नाही. पण दर महिन्याला हवा धरत असेल, किंवा वरच्या मजल्यावरचे सगळेच रेडिएटर गार असतील, तर यंत्रणेतला दाब कमी झालाय. ते काम मालकाचं.

नॉब पाचवर असूनही रेडिएटर मेल्यासारखा गार, किंवा उलट चांदणीवर असूनही तापलेला, ही अडकलेल्या पिनची लक्षणं. ऑक्टोबरात पहिल्यांदा हीटिंग लावताना हे फार दिसतं, कारण उन्हाळाभर नॉब बंद ठेवलेला असतो आणि दाबलेली पिन तिथेच चिकटते. नॉब ५ वर नेऊन त्यामागची गोल कंगोरेदार चकती हाताने किंवा पकडीने सैल केली की अख्खं डोकं बाहेर येतं. आत व्हॉल्व्हच्या मधोमध पितळी किंवा स्टीलची बारीक पिन दिसते, काडेपेटीतल्या काडीएवढी जाड. लाकडाचा सपाट तुकडा किंवा पकडीची सपाट बाजू टेकवून तिला आत दाबा. ती काही मिलिमीटर आत जाऊन स्वतःहून परत बाहेर आली पाहिजे. अडत असेल तर बारीक थेंबभर तेल सोडून पुन्हा पुन्हा हलकेच दाबत राहा. पिन पकडीत धरून बाहेर कधीही ओढू नका. ती निघून आली तर मागून गरम पाण्याचा फवारा येतो, आणि खालच्या शेजाऱ्याचं छतही तुमच्या हिशोबात येतं. दाबून काम झालं नाही तर डोकं परत बसवा आणि मालकाला लिहा. यावर उन्हाळ्यातला उपाय अगदी सोपा: मे महिन्यात, हीटिंग बंद झालं की, सगळे नॉब ५ वर नेऊन ठेवा. बॉयलर बंद असताना खर्च काही नाही आणि पिन मोकळी राहते. फक्त ऑक्टोबर यायच्या आत परत खाली आणायला विसरू नका.

तळमजल्यावरचे घामाघूम आणि चौथ्या मजल्यावरचे गारठलेले, अशी स्थिती दर वर्षी असेल तर तुमच्या घरात काही बिघाड नाही. इमारतीत पाण्याचं वाटप नीट जुळवलेलं नाही, ते जुळवण्याला इथे हायड्रॉलिक बॅलन्सिंगचं काम म्हणतात. मालकाने तंत्रज्ञ बोलावून ते करून घ्यायचं असतं. एकट्याने मागणी केली तर टोलवाटोलवी होते, तीन-चार घरांनी मिळून लिहिलं तर हालचाल दिसते.

तक्रार फोनवर नको, ईमेलने किंवा पत्राने करा. तारीख, खोली, तापमापकाचा फोटो. रूढ हीटिंग हंगाम १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. या काळात दिवसा खोलीत २० ते २२ अंश आणि रात्री साधारण १८ अंश तापमान राखता आलं पाहिजे, अशी न्यायालयांची सर्वसाधारण धारणा आहे. तेवढं मिळत नसेल तर भाड्यात कपात मागता येते, पण किती टक्के ते स्वतःच्या मनाने ठरवून भाडं कापू नका. आधी मीटरफराइनला, म्हणजे भाडेकरूंच्या संघटनेला, विचारा. भाडं थकल्याचं कारण दाखवून घर सोडायची नोटीस येऊ शकते.

आता पाकीट उघडा

इथे बहुतेक जण हात टेकतात. जर्मन भाषेतले आकडे, त्यात मोजमाप करणाऱ्या कंपनीचा आडवातिडवा तक्ता. पण पाहायच्या जागा मोजक्याच आहेत.

सगळ्यात आधी पाकीट कधी आलं ते. हिशोबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत पाकीट तुमच्या हातात पडलं पाहिजे. २०२४ सालचा हिशोब असेल तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. त्यानंतर आला आणि उशिराला मालकच जबाबदार असेल, तर नाखत्सालुंग मागता येत नाही. तुम्हाला पैसे परत मिळायचे असतील तर ते मात्र उशीर झाला तरी द्यावेच लागतात. तुमच्या बाजूनेही मुदत आहे: पाकीट मिळाल्यापासून १२ महिन्यांत हरकत घ्यायची. पैसे भरायची तारीख जवळ आली असेल आणि शंका असेल, तर ट्रान्सफरच्या नोंदीत ‘उंटर फोरबेहाल्ट’ लिहून भरा, म्हणजे हक्क राखून.

नव्याने आलेल्यांना पहिलंच बिल का झोंबतं, त्यामागे एक साधं गणित आहे. वर्षाच्या मधेच घर घेतलं की हीटिंगचा खर्च दिवसांच्या हिशोबाने न वाटता थंडीच्या हिशोबाने वाटायची पद्धत आहे. वर्षाचे १००० भाग धरतात: जानेवारी १७०, फेब्रुवारी १५०, मार्च १३०, एप्रिल ८०, मे ४०, जून ते ऑगस्ट तिन्ही मिळून ४०, सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ८०, नोव्हेंबर १२०, डिसेंबर १६०. समजा तुम्ही १ ऑक्टोबरला राहायला आलात आणि हीटिंगपोटी महिना १०० युरो आगाऊ भरता. तीन महिन्यांचे ३०० झाले. पण ऑक्टोबर ते डिसेंबरचे भाग ३६०. वर्षाचा खर्च १२०० असेल तर तुमच्या वाट्याला ४३२. म्हणजे वापर अगदी बेताचा असूनही १३२ युरो देणं निघतं. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर) किंवा शिकायला आपली माणसं बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, त्यामुळे हा धक्का जवळपास ठरलेला. त्यात फसवणूक नाही. मात्र घर ताब्यात घेताना प्रत्येक डबीवरचं रीडिंग प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ताबा घेतानाच्या नोंदपत्रात, लिहून घेतलं असेल, तर तुमच्या वापराचा भाग अंदाजाने ठरवावा लागत नाही.

आता ती पांढरी डबी. ती किलोवॉट-तास मोजत नाही, रेडिएटर किती आणि किती वेळ तापला याचे एकक मोजते. मोठ्या रेडिएटरमधून जास्त ऊब मिळते, म्हणून त्या एककांना रेडिएटरच्या आकारानुसार एका गुणकाने गुणतात. काही यंत्रांत तो गुणक आधीच धरलेला असतो. मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा कागद शेजारी ठेवा. रेडिएटर तेवढेच आहेत ना? गुणक तेच आहेत ना? डबीचे क्रमांक तुमच्याच घरातले आहेत ना? रेडिएटर बदलला आणि गुणक जुनाच राहिला, किंवा शेजारच्याची डबी आपल्या नावावर चढली, असं होतं. इलेक्ट्रॉनिक डबीच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येत राहतात. त्यातला एक चालू वर्षाचा आणि एक मागच्या हिशोबाच्या शेवटच्या दिवसाचा, जो पुढचं वर्षभर तसाच राहतो. पाकीट हातात आल्यावरही तो वाचून पडताळता येतो. तरी ३१ डिसेंबरला प्रत्येक डबीचा फोटो काढून ठेवा.

मग पूर्ण इमारतीचे आकडे. एकूण क्षेत्रफळ मागच्या वर्षीइतकंच असलं पाहिजे. ते घटलं असेल तर रिकामी घरं हिशोबातून वगळली आहेत, आणि त्यांचा भार राहणाऱ्यांवर पडतोय. तो खरं तर मालकाने उचलायचा. तेलाचा बॉयलर असेल तर वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा तेलाचा साठा लिहिलेला हवा. बॉयलरची वार्षिक देखभाल तुमच्याकडून घेता येते, दुरुस्ती घेता येत नाही. ‘रेपाराटुअर’ हा शब्द दिसला की थांबा.

खर्च वाटायची पद्धतही बघा. नियमानुसार हीटिंगच्या खर्चाचा किमान ५० आणि कमाल ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरावर, उरलेला क्षेत्रफळावर. त्यामुळे घर बंद ठेवून तीन महिने भारतात राहिलात तरी बिल शून्यावर येत नाही, निम्म्यापर्यंतचा भाग तुमच्या चौरस मीटरवरच ठरलेला असतो. आणि वापर न मोजताच सगळं क्षेत्रफळावर वाटलं असेल, जिथे मोजणं बंधनकारक होतं तिथे, तर तुम्हाला आपल्या वाट्यातून १५ टक्के कापता येतात. मालक स्वतः राहत असलेलं दोन घरांचं घर याला अपवाद ठरू शकतं. दुरून वाचता येणारी यंत्रं बसवलेली असतील तर २०२२ पासून दर महिन्याला वापराची माहिती मिळायला हवी. ती देत नसतील तर ३ टक्के कापायचा हक्क आहे. ती महिन्याची माहिती मिळत असेल तर बघत जा. डिसेंबरचा आकडा जानेवारीत दिसला तर अजून काही करता येतं, पुढच्या नोव्हेंबरात दिसला तर फक्त भरता येतं.

आपल्यातले फारच थोडे लोक तपासतात ती ओळ म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या कराची. १ जानेवारी २०२३ पासून हा कर भाडेकरू आणि मालक यांच्यात विभागला जातो. इमारत जितकी गळकी तितका मालकाचा वाटा मोठा. वर्षाला चौरस मीटरमागे १२ किलोपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर सगळं भाडेकरूवर, ५२ किलो किंवा जास्त असेल तर ९५ टक्के मालकावर, मधे पायऱ्या. एक हिशोब करून बघू. ७० चौरस मीटरचं घर, वर्षाला १०,५०० किलोवॉट-तास गॅस. किलोवॉट-तासामागे साधारण ०.२ किलो धरले तर २१०० किलो, म्हणजे चौरस मीटरमागे ३०. ही पायरी २७ ते ३२ ची, मालकाचा वाटा ४० टक्के. २०२५ चा दर टनाला ५५ युरो, म्हणजे कर सुमारे ११५ युरो, वर मूल्यवर्धित कर. त्यातले ४६ च्या पुढे मालकाने द्यायचे. रक्कम छोटी वाटते, पण जुन्या, इन्सुलेशन नसलेल्या इमारतीत ती बरीच वाढते. हिशोबात ही विभागणी दाखवलेलीच नसेल तर हीटिंगच्या तुमच्या वाट्यातून ३ टक्के कापता येतात.

शंका असेल तर मूळ बिलं बघायला मागा. तो तुमचा हक्क आहे आणि नुसती मागणी केली की अनेकदा दुरुस्त हिशोब आपोआप येतो. जमत नसेल तर मीटरफराइनचं सभासदत्व घ्या. वर्षाच्या वर्गणीत ते कागद तपासतात आणि गरज पडली तर पत्रही लिहून देतात. जर्मन कच्चं असलेल्यांनी तर घर घेतानाच सभासद व्हावं. जाता जाता, त्याच पाकिटात देखभाल, हाउसमाइस्टर, जिने झाडणं यांच्या मजुरीचा भाग वेगळा दाखवलेला असतो. त्याचे २० टक्के आयकरातून वजा होतात. पाकीट फेकू नका.

घरात स्वतःचा गॅस बॉयलर असेल तर

करार थेट गॅस कंपनीशी तुमचा. घर घेतल्यावर काहीच केलं नाही तर तुम्ही आपोआप त्या भागातल्या मूळ पुरवठादाराच्या योजनेत जाता, आणि ती बहुतेक वेळा महाग पडते. त्यातून दोन आठवड्यांच्या नोटिशीने बाहेर पडता येतं. दर तुलना करून बदला, नॉब आवळण्यापेक्षा याने जास्त पैसे वाचतात. कार्बन कराचा मालकाचा वाटा इथे आपोआप येत नाही. कंपनीचं वार्षिक बिल आलं की उशीर न करता, ठरावीक मुदतीत, तुम्ही हिशोब करून मालकाकडे मागायचा. मागितला नाही तर तो सोडून दिल्यातच जमा.

स्मार्ट थर्मोस्टॅट घ्यावा का

भाडेकरू स्वतःच्या खर्चाने लावू शकतो, जुनं डोकं जपून ठेवायचं आणि घर सोडताना परत बसवायचं. बहुतेक व्हॉल्व्हचा आटा एम ३० गुणिले १.५ असतो, डॅनफॉस कंपनीच्या काही व्हॉल्व्हना अडॅप्टर लागतो. दोघंही ठरावीक वेळी ऑफिसला जात असाल आणि नॉब खाली करायचं रोज विसरत असाल तर पैसे वसूल होतील. घरात लहान मूल आहे, एकजण घरून काम करतोय, दिवसभर २१ अंश लागतातच, तर वेळापत्रकात वाचवण्यासारखं फारसं काही उरत नाही. अशांनी एकाच खोलीत लावून बघावा. खिडकी उघडल्याचं ओळखून आपोआप बंद होणारं मॉडेल मात्र स्वयंपाकघरात उपयोगी. पांढऱ्या डबीला हात लावू नका, ती काढली किंवा झाकली तर वापर अंदाजाने ठरवला जाईल, आणि तो अंदाज तुमच्या सोयीचा असेलच असं नाही.

पुढची आगाऊ रक्कम

नाखत्सालुंग निघाली की त्याच पाकिटात पुढच्या महिन्यांची आगाऊ रक्कम वाढवल्याचंही लिहिलेलं असतं. जादा निघालेली रक्कम भागिले १२ केली तर जे येईल साधारण तेवढीच वाढ रास्त. ३६० युरो निघाले असतील तर महिना ३०. कुणी ८० मागत असेल तर आधार विचारा. वर सांगितलेल्या ऑक्टोबरच्या प्रकारात तर अर्धवट वर्षाच्या तुटीला १२ ने भागूनही चालत नाही, पूर्ण वर्षाच्या खर्चाशी ताडून बघा. आमच्या उदाहरणात वर्षाला १२०० लागणार आणि महिना १०० तुम्ही भरताच, म्हणजे वाढ शून्य. आणि परत पैसे मिळाले असतील तर आगाऊ रक्कम कमी करायला तुम्हीही लेखी सांगू शकता, कायदा दोन्ही बाजूंना सारखाच आहे. मी मात्र ती कमी करत नाही. पाकिटातल्या जादा बिलापेक्षा दर महिन्याचे वीस युरो बरे.